परदेशातल्या अध्यापन-सरावाचा शेवटचा आठवडा : अनुभव सांगा

परदेशी शाळेत सराव पाठ घेऊन आलेले किंवा सध्या तिकडे आवराआवरीत असलेले इथे बरेच जण आहेत. पहिल्या दिवसाची धाकधूक, भाषेची तारांबळ यावर पुष्कळ बोलून झालंय. इथे फक्त शेवटचे दिवस: काय आवरलं, काय राहिलं, मुलांना कसं सांगितलं. दोन ओळीही चालतील, निबंध नको.

खडूची_भुकटी (फिनलंड)
आमची शाळा विद्यापीठाला जोडलेली सराव शाळा. तिथल्या मुलांना विद्यार्थी-शिक्षकांची सवयच असते. जुने जातात, नवे येतात. शेवटच्या तासाला मी डोळे पुसतेय आणि पोरं हात हलवून मधल्या सुट्टीत पसार! आधी जरा लागलं, मग हायसं वाटलं. माझ्यावाचून यांचं काही अडणार नाही.

खरा निरोप मार्गदर्शक बाईंसोबतच्या बैठकीत झाला. त्यांनी माझ्या पाठांत एकच गोष्ट मोजली होती: प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचं १९७०च्या दशकातलं संशोधन आपण सगळ्यांनीच घोकलंय. शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प मुलंही तोंड उघडतात. बाईंनी माझ्या सुरुवातीच्या नि शेवटच्या पाठांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून दिले. प्रमाणपत्रापेक्षा तो कागद जास्त जपलाय.

वहीवाला (टांझानिया)
तिथे सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी. मी फॉर्म वनला (माध्यमिकचं पहिलं वर्ष) विज्ञान शिकवत होतो, म्हणजे मुलं विषयाशीही झगडणार नि भाषेशीही. शेवटच्या आठवड्यात नवा घटक सुरू करायचा मोह होतो. करू नका. अर्धवट घटक सोडून विमानात बसलात की ती धोंड पुढच्या शिक्षकाच्या गळ्यात.

मी फक्त उजळणी घेतली आणि नेहमीच्या सरांसाठी एक वही लिहिली: कोण संकल्पनेत अडकतो, आणि कोणाला सगळं समजलंय पण इंग्रजीत मांडता येत नाही. पेपरात दोघांनाही सारखेच कमी गुण पडतात, उपाय मात्र निराळे. वही समोर ठेवून सर आणि मी निवांत बोलत बसलो. (निरोप समारंभही झाला. भाषणं लांबली. असो.)

आणि 'पुन्हा येईन' असं मुलांना सांगू नका. ती वाट बघतात.

पोस्टाची_पेटी
@वहीवाला, काहीच न सांगता निघणंही बरं नाही ना? मी 'पत्र पाठवीन' म्हणाले आणि पाठवलं: शाळेच्या पत्त्यावर, अख्ख्या वर्गाला मिळून एक. स्वतःचा नंबर, इन्स्टाग्राम मात्र कुणालाही दिलं नाही. एकाला दिलं की बाकीच्यांना नाही कसं म्हणणार?

शिक्का_मोर्तब (जर्मनी)
मी कागदांवर बोलतो, कारण भावनेच्या भरात तेच राहून जातात.

फोटो: युरोपात मे २०१८पासून जीडीपीआर (वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा) लागू आहे. मुलांचे चेहरे टिपायचे तर पालकांची लेखी संमती हवी. मी फळ्याचे आणि भिंतीवरच्या तक्त्यांचेच फोटो घेतले. पोर्टफोलिओला तेवढे पुरले.

श्रेणी: तिथे १ सर्वोत्तम, ६ सर्वांत वाईट. मूल्यांकनासोबत श्रेणी कशी वाचायची हे शाळेकडूनच लिहून घ्या, नाहीतर परतल्यावर १ बघून लोक सहानुभूती दाखवतात.

अनुभव प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) लागणार असेल तर ते कागद देणाऱ्या देशातच होतं. भारत २००५पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण आपल्याकडून परदेशी कागदावर अपोस्टिल मिळत नाही. देश सोडताना पत्त्याची नोंदणीही रद्द करावी लागते. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून अर्ज घेतात.

चालू_सराव
माझा शेवटचा आठवडा उद्यापासून. दुसरीचा वर्ग आहे. मुलांना आधी सांगू की शेवटच्या दिवशी?

खडूची_भुकटी
आधीच. उद्याच फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिही आणि पुढे कोण शिकवणार तेही सांग. त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. जमलं तर शेवटचा पाठ त्या बाईंसोबत मिळून घे. आणि शाळेचा ईमेल बंद व्हायच्या आत पाठांच्या फाइल्स उतरवून घे.