राजदूत ३५०: उजवी कॉइल बदलली तेव्हापासून गाडी तापली की एकाच सिलिंडरवर येते

घाटातला_भोंगा
नमस्कार मंडळी. माझी राजदूत ३५० आहे, ८५ ची, लो टॉर्क (कमी ताकदीचं मॉडेल), काकांकडून आलेली. दिवाळीत उजव्या बाजूची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारी) गेली, स्पार्कच नव्हता. मेकॅनिकने त्याच्याकडची एक जुनी कॉइल लावून दिली, म्हणाला कॉइल ती कॉइल, चालेल. चालली पण. सकाळी दोन किकमध्ये सुरू, दहा-बारा किलोमीटर एकदम मक्खन, आणि मग खंबाटकी चढायला लागलो की उजवा सिलिंडर सोडून देतो, नुसतं फटफट फटफट, तिसऱ्या गिअरमध्ये पण ओढत नाही. चहा पिऊन अर्ध्या तासाने बघितलं की परत ठणठणीत. उजवा प्लग काळा ओला, डावा छान चॉकलेटी. उजवे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) दोनदा घासले तरी परत निळे-काळे पडतायत. दोन्ही कॉइल सारख्याच लागतात का? आणि वायरिंग आधीच कोणीतरी तोडून जोडलंय, सगळ्या वायरींवर काळी टेप, कुठली कुणाची कळत नाही.

मीटरवाला
भाऊ, कॉइल ती कॉइल नसते. पॉइंटवाल्या १२ व्होल्ट गाडीत कॉइलचं प्रायमरी (आतलं बॅटरीकडचं वेटोळं) साधारण ४ ओमचं असतं, म्हणजे पॉइंट बंद (एकमेकांना टेकलेले) असताना ३ अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि तेवढा पॉइंट सहन करतात. तुला बहुतेक ६ व्होल्टची कॉइल मिळालीय, जुन्या येझ्दीला असायची तशी, तिचं प्रायमरी दीड-पावणेदोन ओम असतं. ती १२ वर लावली की करंट सात-आठ अँपिअर. सुरुवातीला स्पार्क जबरदस्त दिसतो म्हणून मेकॅनिकपण खूश, पण कॉइल तापते, पॉइंट जळतात आणि तापल्यावर स्पार्क गायब.

मल्टिमीटर घे. कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी आधी सोडव, नाहीतर दुसऱ्या कॉइलमधून भलतंच रीडिंग येईल. मीटर २०० ओमवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लाव, स्वस्त मीटर तिथेच ०.३-०.४ दाखवतो, तेवढं वजा कर. मग दोन्ही कॉइल मोज आणि आकडे इथे टाक. एचटी वायरचं (प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरचं) रीडिंग प्लग कॅप काढून घे, कॅपमध्येच ५ हजार ओमचा रेझिस्टर असू शकतो.

कोल्हापुरी_टूस्ट्रोक
मीटर नसेल तर सोपी टेस्ट, डावी-उजवी कॉइल अदलाबदल कर आणि घाटात ने. रोग डावीकडे गेला तर कॉइल, उजवीकडेच राहिला तर कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारा), पॉइंट किंवा वायरिंग. आमच्याकडे एकाने कॉइल कॉइल करत तीन कॉइल बदलल्या, शेवटी कंडेन्सरचं अर्थिंग सैल निघालं 😅 पॉइंट उघडताना फटीत मोठी निळी ठिणगी दिसते का बघ, दिसली तर कंडेन्सर पण बदल.

कार्ब_आणि_कटिंग
पॉइंट काढून फेका, सीडीआय (पॉइंटशिवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) लावा, डोकेदुखी संपली.

मीटरवाला
@कार्ब_आणि_कटिंग लावा की, पण मग कॉइल पण सीडीआयचीच लागते. तिचं प्रायमरी अर्ध्या ओमच्या आसपास असतं. कोणी ती चुकून पॉइंटवर लावली तर काय होईल हिशोब करा. हे "दिसायला सेम आहे" म्हणून लावणारे लोक मी बघितलेत.

@घाटातला_भोंगा वायरींचं सांगायचं राहिलं. मूळ वायरिंगमध्ये लाल-पांढरी म्हणजे चावीवरून येणारा करंट, तो दोन्ही कॉइलना कॉमन. नारिंगी डाव्या पॉइंटची, राखाडी उजव्या पॉइंटची. टेपखाली रंग दिसत नसतील तर कॉइलकडून वायरी सोडवून मीटर बीपवर ठेव, एक टोक इंजिनला, एक वायरीला. पॉइंट बंद असेल तर बीप येईल, मग त्या पॉइंटच्या फटीत लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकव, बीप थांबली की ती त्याच पॉइंटची वायर. अदलाबदल झालेली नसावी म्हणा, गाडी सकाळी नीट चालतेय ना. या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली, उलट जोडलं तर सुरूच होणार नाही.

घाटातला_भोंगा
दादा मोजलं! डावी ४.२, उजवी १.६ 😳 आणि चावी ऑन ठेवून पाच मिनिटं मोजत बसलो होतो तर उजवी कॉइल हात लावता येईना इतकी गरम, डावी कोमट. टाकीखाली असते म्हणून कधी हातच लागला नव्हता.

मीटरवाला
झालं तर मग. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नको, या गाडीत एक ना एक पॉइंट बंदच असतो, चांगली कॉइलसुद्धा मरते आणि बॅटरी पण. आता ३.५ ते ४.५ मधली १२ व्होल्टची बघ. शक्य असेल तर दोन्ही एकाच बनावटीच्या घे. अर्धा ओम इकडेतिकडे चालतो, पण एक ४ आणि एक ३ असं ठेवलंस तर दोन्हीकडचे पॉइंट वेगवेगळे झिजतील आणि तू उगाच कार्ब्युरेटर सिंक करत (दोन्ही सारखे जुळवत) बसशील. पुण्यात असशील तर रविवारी जुन्या बाजारात खिशात मीटर घेऊन जा, मोजू देत नसेल त्याच्याकडून घ्यायची नाही.

अजून एक, नवीन लावलीस की लाल-पांढऱ्यावर व्होल्टेज बघ, पण पॉइंट बंद असताना. उघडा असताना करंटच वाहत नाही, मीटर १२.५ दाखवून फसवतो. बंद असताना ११ च्या खाली आलं तर चावीचा स्विच गंजलाय.

घाटातला_भोंगा
मंडळी अपडेट. जोडी मिळाली, ४.० आणि ४.१. पॉइंट आणि कंडेन्सर पण नवीन टाकले, गॅप ०.३५ मिमी. काल खंबाटकी दोनदा चढून आलो, कुठेच सोडलं नाही, वर थांबून प्लग काढून बघितले तर दोन्ही सारखे. व्होल्टेज मात्र कॉइलवर १०.७ येतंय आणि बॅटरीवर १२.४. चावीचा स्विच उघडू का सरळ रिले (बॅटरीवरून थेट कॉइलला करंट देणारा स्विच) टाकू?

कोल्हापुरी_टूस्ट्रोक
स्विच उघडताना खाली पांढरा कपडा अंथर. आतली स्प्रिंग आणि बारका गोळा उडाला की गॅरेजभर रांगत शोधावं लागतं.