मदत हवी आहे: ब्रेक दाबला की पिकअप गदागदा हादरते, डिस्क बदलूनही त्रास परत आला

नमस्कार मंडळी,

आमच्या पिकअपच्या ब्रेकबद्दल विचारायचं आहे. धागा थोडा लांबेल, पण अर्धवट माहिती देऊन तुमचा वेळ घालवण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितो.

गाडी डिझेल, पुढे डिस्क, मागे ड्रम, मागच्या ॲक्सलला पाटे. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. ७०-८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना झटके खायला लागतं. साधी थरथर नाही, दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं आणि डॅशबोर्डसुद्धा खडखड वाजतो. वेग ५० च्या खाली आला की जोर ओसरतो, २० च्या आसपास काहीच उरत नाही. ब्रेकला पाय न लावता १०० पर्यंत गाडी अगदी शांत पळते. लांब उतार उतरून आलं की त्रास वाढतो. सकाळी थंड गाडीचे पहिले दोन-तीन ब्रेक मात्र बरे लागतात.

हे पहिल्यांदा झालं तेव्हा गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवीन टाकून घेतले. गाडी एकदम छान झाली. साधारण ४००० किलोमीटर काही नाही, मग हळूहळू तेच सुरू. आता म्हणतात, डिस्क पुन्हा वाकल्या, पुन्हा बदला. बदलायला माझी ना नाही, पण नव्या डिस्क इतक्या लवकर का वाकाव्यात याचं उत्तर कोणी देत नाही. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून झालंय, टायर पुढचे मागे करून झालेत. फरक शून्य.

गाडी रोज माझा भाऊ चालवतो, बहुतेक वेळा माल भरून. परवा समोर अचानक गाडी आडवी आली तेव्हा त्याने जोरात ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातातून निसटता निसटता राहिलं. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. नेमकी सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

आधी माल भरणं बंद करा आणि वेग कमी ठेवा, बाकी सगळं नंतर.

आता सांगा, हादरा हाताला जास्त लागतो की बुडाखाली, सीटमध्ये? हाताला लागत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. स्टिअरिंग शांत आणि सीट, फरशी हादरत असेल तर मागे बघायचं. दुसरी गोष्ट, मोकळ्या सरळ रस्त्यावर ४०-५० च्या वेगात, मागेपुढे कोणी नसताना, हॅन्डब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. बटण दाबलेलंच राहू द्या म्हणजे लगेच सोडता येईल, आणि झटक्याने अजिबात ओढू नका, मागची चाकं जाम होतील. तुमच्या गाडीत हॅन्डब्रेक मागच्या ड्रमवरच चालत असणार. तेव्हा गाडी हादरली तर ड्रम अंडाकृती झालाय. नाही हादरली तर मागचा भाग जवळजवळ सुटला.

ब्रेक पेडल पायाखाली वर-खाली होतं का तेही लिहा. वेगाबरोबर हळू होत जाणारा उठाव वेगळा आणि एबीएसची (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बारीक, जलद कुरकुर वेगळी. एबीएसच्या सेन्सरची रिंग तडकली असेल तर गाडी थांबायच्या अगदी आधी, कमी वेगात, उगाच कुरकुर येते. तुमचं लक्षण तसं वाटत नाही.

धागाकर्ता

हॅन्डब्रेकची चाचणी आजच केली. ४५ ला अलगद ओढला, गाडी गुळगुळीत थांबत आली. हादरा नक्की हातालाच आहे. पेडल पायाखाली उठतं, पण संथ, चाकाच्या लयीत, आणि वेग उतरला की लयही उतरते.

प्रतिसाद

लयीवरून बरंच कळतं. पिकअपच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १० फेरे घेतं. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा, त्याच्या साधारण चौपट फिरतो. हाताला मोजता येईल इतका जाड झटका म्हणजे चाकाच्या फेऱ्याचा. शाफ्टचा क्रॉस किंवा मधलं बेअरिंग गेलं असतं तर बारीक घरघर आली असती, तीही बहुतेक ब्रेकशिवाय. तेव्हा शाफ्टच्या मागे लागू नका. ५० च्या खाली जोर ओसरतो कारण पुढच्या सस्पेन्शनचा स्वतःचा एक झोका असतो आणि ठरावीक वेगालाच चाकाची लय त्याच्याशी जुळते. कमी वेगात दोष तोच असतो, फक्त हाताला कळत नाही.

प्रतिसाद

मी आयुष्यभर ब्रेकचंच काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या सगळ्या माहितीत सगळ्यांत मोलाचा आकडा ४००० किलोमीटरचा आहे.

डिस्क उष्णतेने वाकते हे आपण सगळेच म्हणतो, मीही कित्येक वर्षं म्हणायचो. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ते असं होतं. जुनी डिस्क काढली की हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा थर असतो. घाईत नवी डिस्क त्याच गंजावर बसवतात. गंजाची पापडी एका बाजूला दहाव्या हिश्श्याची, म्हणजे ०.१ मिलिमीटरची असली तरी डिस्क तिरकी बसते आणि फिरताना डगमगते. नवी असताना काहीच कळत नाही, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, तिच्याबरोबर सरकत राहतो. पण ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला घासून जातो आणि हजारो किलोमीटरमध्ये तिथेच झिजतो. जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला की पेडल उठायला लागतं आणि स्टिअरिंग नाचतं. म्हणून नवीन डिस्क टाकली की काही महिने सुख आणि मग पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा नव्या डिस्क त्याच हबवर चढवल्या तर पुन्हा तेच होईल.

तर विकत काही घेऊ नका, आधी मोजा. लोहचुंबकी स्टॅन्डचा डायल गेज आणि मायक्रोमीटर असलेला माणूस शोधा. चाक काढा, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टॅन्डवर) ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आधी चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, नाही ना ते बघा, असेल तर पुढचं मोजमाप खोटं येईल. मग डिस्क हबवर सगळ्या नटांनी, खाली वायसर घालून, सारखी आवळा. चाक नसताना ती सैल राहते आणि आकडा फसवा येतो. गेजची सुई बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत टेकवा आणि डिस्क हळूहळू एक फेरा फिरवा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल, माझ्या हाताला ०.०५ च्या आत आलं की समाधान होतं. त्यानंतर मायक्रोमीटरने आठ जागी जाडी घ्या.

एक युक्ती सांगतो. डगमग जास्त आली तर उंच जागेवर, म्हणजे जिथे सुई सगळ्यांत जास्त सरकते तिथे, खडूने खूण करा, डिस्क काढून हबवर एक स्टड पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. हबजवळच राहिली तर दोष हबचा किंवा त्यावरच्या गंजाचा.

चाकाचे नट कशाने आवळले होते तेही विचारा. हवेच्या गनने एक नट वाजेपर्यंत आणि दुसरा अर्धवट आवळला तरी डिस्क ताणली जाते. टॉर्क पान्ह्याने, समोरासमोरचे नट घेत, दोन टप्प्यांत आवळायचे. आकडा मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाने नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक बाजू राहून गेली असं वाटतं. उतारावरून तापलेल्या ब्रेकने येऊन सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचं मटेरियल डिस्कवर चिकटतं आणि तिथे निळसर किंवा काळपट ठसा उमटतो. त्या जागी पकड वेगळी होते आणि हादरा येतो. ८० वरून थांबताना ४० च्या चौपट उष्णता डिस्कमध्ये जाते, माल भरला असेल तर त्याहून जास्त. भावाला सांगा, उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर उतरायचं, आणि ब्रेक तापलेले असताना शक्य असेल तिथे पेडल सोडून हॅन्डब्रेकवर उभं राहायचं.

कॅलिपरच्या पिनाही बघा. पिन जाम असली की आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजतं आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा गरम होतं. थोडं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेला तरी फरक कळतो. डिस्कला मात्र बोट लावू नका.

धागाकर्ता

दोन दिवस लागले, पण मोजून आलो. एका ओळखीच्या लेथवाल्याने गेज आणि माणूस दोन्ही दिलं. तुम्ही लिहिलंत ते वाचून दाखवत एकेक करत गेलो.

डाव्या चाकाची डगमग ०.०५, जाडीतला फरक जेमतेम ०.०१. उजव्या चाकाची डगमग ०.१३ आणि जाडीतला फरक ०.०३. सुई सरकताना बघून अंगावर काटा आला. खडूची खूण करून डिस्क एक स्टड पुढे सरकवली, उंच जागा हबजवळच राहिली. डिस्क काढून बघतो तर हबच्या तोंडावर, स्टडांच्या मधल्या जागेत, गंजाची जाड पापडी. नव्या डिस्कच्या आतल्या बाजूला त्याच पापडीचा ठसा उमटलेला. म्हणजे हब कोणी साफच केला नव्हता. उजव्या कॅलिपरची खालची पिनही हाताने हलेना. आतलं पॅड ५ मिलिमीटर, बाहेरचं ८.

तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब लखलखीत केला, स्टडांच्या मुळाशीसुद्धा. पुन्हा मोजलं तर डगमग ०.०४. आता प्रश्न असा: डिस्क तीच ठेवायची की बदलायची? आणि पिनेला कोणतं ग्रीस लावू?

प्रतिसाद

शाब्बास, कारण सापडलं. आता डगमग गेली, पण झिजलेली जागा आपोआप भरून येणार नाही. ०.०३ चा फरक तसाच राहिला तर हादराही राहील. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. फेसिंग, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग बारीक कापून सपाट, केल्यानंतरही त्याच्या वर पुरेशी जाडी उरत असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्कना बारीक हात मारून घ्या, शक्य असल्यास गाडीवरच, म्हणजे हबशी जुळूनच कापली जाईल. आकड्याच्या खाली जात असेल तर दोन्ही नव्या. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे नवीनच टाका, एक ५ आणि एक ८ असे परत घालू नका.

पिनेला ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंत तर रबरी बूट फुगतील आणि पिन पुन्हा अडकेल. हबच्या तोंडावर ग्रीस थापू नका, स्वच्छ कोरडं धातूच राहू द्या.

सगळं जोडल्यावर पॅड बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर देऊन. नंतर ब्रेकला पाय न लावता काही किलोमीटर चालवून थंड होऊ द्या.

प्रतिसाद

एवढ्यात थांबू नका. ०.०३ च्या फरकाने हातातून स्टिअरिंग निसटावं म्हणजे पुढच्या बाजूला कुठेतरी ढिलाईही आहे. डिस्क हादरा निर्माण करते, फाटलेला बुश (सांध्यातला रबरी भाग) तो मोठा करतो. खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड पहारीने हलवून बघा. पिकअपमध्ये माल भरून भरून खालच्या आर्मचा मागचा बुश सगळ्यांत आधी जातो, निदान माझ्या दोन्ही गाड्यांत तोच गेला.

धागाकर्ता

उशिरा लिहितोय, पण मुद्दाम खात्री करूनच लिहायचं ठरवलं होतं.

फेसिंगनंतर जाडी किमान आकड्याच्या चांगलीच वर राहिली, त्यामुळे डिस्क त्याच ठेवल्या. पॅड नवीन, पिना मोकळ्या केल्या, नट टॉर्क पान्ह्याने माझ्यासमोर आवळले. पहिल्याच फेरीत नव्वद टक्के हादरा गेला. उरलेला बारीक होता, स्टिअरिंगला नुसती चुणूक लागायची. पहार घालून बघितलं तर उजव्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशचं रबर मधोमध फाटून सुटलेलं. तो बदलला, डावीकडचाही सोबत बदलला आणि अलाइनमेंट पुन्हा करून घेतलं.

आता २५०० किलोमीटर झालेत, त्यातले बरेचसे भरलेल्या गाडीने आणि उताराच्या रस्त्यावर. काल भावाबरोबर बसून ८० वरून चार वेळा दाबून ब्रेक मारायला लावला. त्याने चौथ्या वेळी एक हात सोडून दाखवला, स्टिअरिंग जागचं हललं नाही. पूर्वी ४००० ला त्रास परत आला होता, म्हणून ५००० झाले की चाक काढून उजवी डिस्क पुन्हा गेजवर मोजणार आहे. आकडे याच धाग्यात टाकतो.