वाऱ्यावर वाजणारी हार्प घ्यायचीय, सुचवा

खिडकीकाठी: न्यू जर्सीत राहते, घराला वर सरकणाऱ्या खिडक्या आहेत. वाऱ्याने आपोआप वाजते ती एओलियन हार्प (लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा) हवीय, हाताने बनवलेली. बजेट १५० डॉलर. कुणी घेतलीय का?

आठवा_सूर: आम्ही ४०० ला घेतली, सीडरच्या लाकडाची. १५० मध्ये नुसतं खोकं मिळेल. खिडकी थोडी उघडून त्या फटीत बसवायची आणि समोरचं दारही उघडं ठेवायचं, नाहीतर वारा आरपार जात नाही आणि पेटी गप्प. हिवाळ्यात विसराच, हीटिंगचं बिल बघून आमच्याकडे भांडण झालंय.

बंड्या७७: विंड चाइम घ्या की, २० डॉलरात काम.

आठवा_सूर: बंड्या, चाइममध्ये नळ्या आपटतात, इथे तारा आहेत.

पक्का_मिरजकर: मी तारा तानपुऱ्यासारख्या प सा सा सा लावून बघितल्या, मग भूप रागात लावल्या. मांजरं भांडत होती. सगळ्या तारा एकाच स्वरात लावायच्या असतात, फक्त जाडी वेगवेगळी, हे नंतर कळलं. तारेमागे वाऱ्याचे भोवरे सुटतात त्यांनी ती थरथरते, वारा वाढला की वरचे वरचे स्वर आपोआप उमटतात, तानपुऱ्यात न लावताही स्वयंभू गंधार ऐकू येतो ना तसे. बाकी लाकूडकाम मिरजेचंच, पण ते इथे सांगून उपयोग नाही.

लँकेशायरकर: आमच्या इंग्लंडात बर्नलीजवळ टेकडीवर सिंगिंग रिंगिंग ट्री नावाचं शिल्प आहे, २००६ चं, फुकट ऐका.

पक्का_मिरजकर: त्यात पाइप आहेत हो, तार एकही नाही.

लँकेशायरकर: वाऱ्यावर वाजतं ना, झालं तर.

बेएरियावाला: आमच्या साउथ सॅन फ्रान्सिस्कोत ९२ फुटी विंड हार्प आहे, १९६७ ची. असो. तारा जास्त ताणू नका, मी ताणल्या आणि पेटीची वरची फळी उखडली. मासे पकडायची नायलॉन दोरी चालते, मी तीच लावलीय. पावसात ठेवू नका.

बंड्या७७: एवढं करण्यापेक्षा चाइम.

आठवा_सूर: खिडकीचीच घ्या, अंगणातली नको, रात्री दोनला भूत रडतंय असं वाटतं. आणि ४०० च्या खाली बघू नका.

खिडकीकाठी: सगळ्यांचे आभार. ऑर्डर केली, अंगणात रोवायची उभी, ३४० डॉलर. नवऱ्याला १४० सांगितलेत, तो इथे वाचत असेल तर वरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावं.