मदत हवी आहे: गाडी गरम होते, मेस्त्री हाफ इंजिन सांगतोय, ४६,५०० बरोबर का?

तिलकवाडीकर
नमस्कार मंडळी. गाडी गरम व्हायला लागली म्हणून गॅरेजला दाखवली. मेस्त्रीनं हाफ इंजिन, म्हणजे इंजिन खोलून आतल्या रिंगा-बेअरिंग बदलायचं काम काढलंय, ४६,५०० आणि वर जीएसटी. परवापर्यंत ॲडव्हान्स दिला तर लगेच हातात घेतो म्हणतो. भाव बरोबर आहे का? बेळगावात कमीत कोण करून देईल? लवकर सांगा, गाडीवाचून सगळं अडलंय.

खानापूर रोड
कुठली गाडी, कुठलं साल, पेट्रोल की डिझेल, किती पळाली? धूर येतो का, कुठल्या रंगाचा? कुलंट कमी होतं का? यातलं काहीच लिहिलं नाही, भाव कशाचा सांगायचा?

निपाणीकर
४६ हजार हाफ इंजिनला जास्त नाहीत. जुन्या गाडीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) एकदा खोललं की पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग सगळं उरकून घ्यावं. तेच लेबर दोनदा कशाला द्यायचं?

उद्यमबाग लेथ
निपाणीकर अण्णा, आजार कळायच्या आधी औषध सांगताय. रिंगा झिजल्या तर ऑइल जळतं, निळा धूर येतो, पिकअप बसतो. गाडी गरम होणं हे रिंगांचं लक्षण नाही. सिलिंडरचा बोअर (आतली भिंत) चांगला असताना नव्या रिंगा टाकल्या आणि होनिंग (ती भिंत बारीक घासणं) नीट झालं नाही, तर रिंगा बसतच नाहीत आणि आधी नसलेलं ऑइल जळणं सुरू होतं. पैसे देऊन दुखणं घेतल्यासारखं.

तिलकवाडीकर
वॅगन-आर, पेट्रोल, २०११, १ लाख १८ हजार किमी. कुलंटची बाटली आठवड्यात रिकामी होते, बोअरवेलचं पाणी घालून चालवतोय. सकाळी थोडा पांढरा धूर येतो. ऑइल कमी होत नाही. मेस्त्रीचा कागद असा: पार्ट २२,०००, लेथ काम ६,५००, लेबर १४,०००, किरकोळ ४,०००.

उद्यमबाग लेथ
पहिलं, बोअरचं पाणी आजच थांबवा. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्या आतून भरतात, मग हेड पॅकिंग (हेड आणि खालच्या ब्लॉकमधला पातळ थर) बदललं तरी गाडी गरम होतच राहते.

ऑइल कमी होत नाही आणि कुलंट जातंय, म्हणजे इंजिन खोलायच्या आधी ते कुठून जातंय हे शोधायचं. क्रमानं करा.

गाडी रात्रभर थंड झाली की रेडिएटरचं झाकण बघा. रबर कडक झालंय का, स्प्रिंग दाबली जाते का? झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. दाब धरला तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण ढिलं असेल तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर असल्यानं ते ९७-९८ लाच उकळायला लागतं. स्वस्तातला पार्ट आहे, सगळ्यात आधी तोच.

मग प्रेशर पंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्या आणि १५ मिनिटं थांबा. काटा खाली आला तर ओल शोधा: रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड, होजचे क्लॅम्प, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, पुढच्या सीटच्या पायाखालचं मॅट (हिटरचा रेडिएटर गळत असेल तर तिथं ओल येते). बाहेर कुठंच ओल नाही आणि दाब मात्र उतरतोय, तेव्हाच हेड पॅकिंगचा संशय घ्यायचा.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे. आकडा किती यापेक्षा तिन्हीत फरक किती हे महत्त्वाचं. १४-१५ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर कमी निघालेल्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग.

सकाळचा पांढरा धूर पाच मिनिटांत गेला तर थंडीची वाफ आहे. गरम झाल्यावरही येतो आणि गोडसर वास असतो, तर कुलंट जळतंय.

शहापूरचा हिशेबनीस
आधी कागदाचं बघूया. सुट्या पार्टच्या खोक्यावर जी एमआरपी असते ती सगळे कर धरून असते. २२,००० एमआरपीनं लावले असतील आणि वर पुन्हा १८ टक्के, तर ३,९६० रुपये फुकट जातात. लेबरवर आणि लेथ कामावर १८ टक्के लागतो, तेही गॅरेजनं जीएसटी नंबरचं बिल दिलं तरच. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा २८ टक्के जाऊन १८ झालाय, जुन्या दराचं बिल आलं तर परत करा.

'किरकोळ ४,०००' म्हणजे काय? कुलंट किती लिटर, ऑइल किती, कुठलं सीलंट, हे लिहून मागा. पार्टच्या प्रत्येक ओळीला पार्ट नंबर हवा. जुने पार्ट डिकीत ठेवायला आधीच सांगा, नंतर 'भंगारात गेले' हे उत्तर मिळतं.

चंदगडकर
कोल्हापूरला न्या. शिवाजी उद्यमनगरात इंजिनाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तसा हात इकडं नाही.

उद्यमबाग लेथ
गरम होणारी गाडी ११० किमी हायवेनं चालवत न्यायची? हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा वाकलं की काम दुप्पट. टोइंगचे पैसे वेगळेच. आणि आमच्या उद्यमबागेत हेड फेसिंग (घासून सपाट करणं) होत नाही असं कुणी सांगितलं? गाव बदलून काम सुधारत नाही, कोण मोजून करतो ते बघा.

खानापूर रोड
इंजिनावर खर्च करण्याआधी बॉडी बघून घ्या. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात फिरलेल्या गाडीचा तळ आतून खाल्लेला असतो. मॅट काढून स्क्रू ड्रायव्हरनं दाबा, जॅक लावायच्या जागा, दरवाजाखालची पट्टी, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर. टोक आत गेलं तर इंजिन कितीही चांगलं करा, उपयोग नाही.

हिंडलगा
२०११ ची गाडी म्हणजे २०२६ ला १५ वर्षं भरतात. आरसी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, फी ५,००० रुपये, अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. गाडी तपासून घेतात, तेव्हा लाइट, ब्रेक, धूर सगळं नीट करून ठेवा.

तिलकवाडीकर
आरसीचं नंतर बघूया. तळ दाबून बघितला, घट्ट आहे. दुसऱ्या गॅरेजात टेस्ट केली. झाकण नवं लावलं. दाब १५ मिनिटांत निम्मा, बाहेर ओल कुठंच नाही. कॉम्प्रेशन १७०, ११८, ११५. ऑइल सोडून ११९, ११६. पहिला मेस्त्री अजून हाफ इंजिनच सांगूलाय.

उद्यमबाग लेथ
शेजारचे दोन सिलिंडर सारखे पडलेत आणि ऑइलनं चढले नाहीत. दोन आणि तीनच्या मधलं हेड पॅकिंग गेलंय. रिंगा ठीक. हेड खोला, खालच्याला हात लावू नका.

हेड काढल्यावर हे समोर उभं राहून करून घ्या. सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फिलर गेज (मापाच्या पातळ पाती) घाला. ०.०५ मिमीची पात खाली सरकली तर फेसिंग, नाहीतर नुसतं साफ करायचं. पट्टी ब्लॉकवरही ठेवा, हे बहुतेक जण विसरतात. व्हॉल्व्ह लॅप केल्यावर (जागेवर घासून बसवल्यावर) हेड उलटं करून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. व्हॉल्व्हच्या कडेनं पाझरलं तर लॅपिंग कच्चं. व्हॉल्व्ह सील नवे टाका आणि बसवल्यावर क्लिअरन्स गेजनं मोजा.

ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांतलं ऑइल-पाणी हवेनं उडवून कोरडं करा. तसंच राहिलं तर बोल्ट खोटा टाइट लागतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, मॅन्युअलच्या आकड्यावर टॉर्क रेंचनंच (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना).

चेन कव्हरला सीलंटची धार बारीक, साधारण ३ मिमी. जाड लावलं की आत दबून तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात.

निपाणीकर
आकडे बघून मान्य. रिंगा नकोत. चेनचा टेन्शनर आणि वॉटर पंप मात्र याच वेळी बघून घ्या, तिथं लेबर खरंच वाचतं.

उद्यमबाग लेथ
हे बरोबर. पंपाच्या शाफ्टला हलवून बघा, ढिला असेल तरच बदला.

तिलकवाडीकर
मेस्त्रीला टॉर्क रेंचचं विचारलं. 'हाताला अंदाज आहे' म्हणाला.

उद्यमबाग लेथ
मग ॲडव्हान्स देऊ नका. जिथं टेस्ट केली त्या गॅरेजला हेड कामाचा नवा कागद करायला सांगा: पॅकिंग सेट, व्हॉल्व्ह सील, कुलंट, ऑइल-फिल्टर, फेसिंग लागलं तर, आणि लेबर. बोअरचं पाणी होतं म्हणून रेडिएटर फ्लश त्यातच धरा. कुलंट निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड पाण्यात. गाडी घेताना फॅन दोनदा आपोआप सुरू होऊन बंद झालेला बघूनच पैसे द्या. ५०० किमीनंतर कुलंटची पातळी सकाळी थंड इंजिनावर बघून इथं लिहा.