मदत हवी आहे : सोलरचं गरम पाणी बंद कसं करायचं?

नमस्कार मंडळी. आमचं घर सांगलीत, विश्रामबागला. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, तिथून सीपीव्हीसीची (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपची) एकच लाइन खाली दोन बाथरूमना येते. वरच्या बाथरूमचा मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) गळतोय, तो बदलायचाय. पण सोलरच्या आउटलेटचा गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून बंद करायचा) क्षार साचून इतका जाम झालाय की पूर्ण बंदच होत नाही. जोर लावला तर दांडीच तुटायची, म्हणून हात आखडता घेतला.

प्लंबर म्हणतो, सोलरकडे जाणारं गार पाणी बंद करा, गरम आपोआप थांबेल. मी काल तसं केलं. धार बारीक झाली, पण तासाभरानंतरही कोमट पाणी येतच होतं! आता शंका अशी, की खालच्या बाथरूमच्या मिक्सरमधून गार पाणी उलटं गरम लाइनीत घुसत असेल का? (तिथे हँडशॉवरचं बटण बंद करून मिक्सर उघडाच ठेवायची सवय आहे. माझीच.)

व्हॉल्व्ह बदलायचा तर अख्खी टाकी रिकामी करावी लागेल का? आणि नवीन बसवताना बॉल व्हॉल्व्हच (पाव फेरीत बंद होणारा) घ्यावा ना? कुणी केलं असेल तर सांगा. घरी पाहुणे यायचेत, रविवारपर्यंत उरकायचंय.