काजूच्या बोंडूचा चोथा – हंगाम संपायच्या आत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गातली, फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघी मैत्रिणी काजूच्या बोंडूपासून (बीला लागून असतं ते रसाळ फळ) एक पदार्थ करतोय आणि तो हिवाळ्यात 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला न्यायचाय. अडचण अशी की स्पर्धा थंडीत आणि बोंडू फेब्रुवारी ते मे. वळवाच्या दोन सरी आल्या की हंगाम आटोपला. पूड करून ठेवायची ती येत्या तीन आठवड्यांत. आत्ता चुकलं तर पुन्हा करून बघायला फळच नसेल.

हाच विषय का, तर लहानपणापासून बघतेय, बी पिरगळून घेतली की बोंडू झाडाखालीच टाकतात. त्याचं वजन बीच्या 5 ते 10 पट असतं. दिवसभरात पाणी सुटून आंबायला लागतो. गोव्यात त्याची हुर्राक आणि फेणी ही दारू होते, काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे काही जण सरबत करतात, तरी बराच माल बागेतच कुजतो. आणि रस काढला तरी चोथा उरतोच, त्याला कोणी विचारत नाही. आम्ही तोच धरलाय. चोथा वाळवून पूड, आणि ती नाचणी-गव्हाच्या खाकऱ्यात.

10 टक्के पूड घातली तर खाकरा छान होतो. 20 टक्क्यांवर गेलो की घसा खवखवतो आणि लाटतानाच कडा फाटतात. रसातलं टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) साबुदाण्याच्या खळीने खाली बसतं (आम्ही लिटरला 5 ग्रॅम साबुदाणा शिजवून घालतो), पण चोथ्याला ते लागू पडत नाही. 2 टक्के मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून बघितलं. खवखव कमी झाली, पण धुवायला बादल्याच्या बादल्या पाणी गेलं. परीक्षकांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसरं वाळवणाचं. गच्चीवर ताटांत पसरलं. दुपारपर्यंत वरून कोरडं, बोटाने दाबलं तर आत ओलं. संध्याकाळी खारा वारा सुटला की पुन्हा मऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटांवर चिलटं आणि आंबूस वास, तिसऱ्या दिवशी काळे ठिपके. सगळं फेकून दिलं. आता कॉलेजातला ट्रे ड्रायर (गरम हवेने वाळवणारं विजेचं कपाट) मिळतोय, पण सरांनी विचारलं, "टाकाऊ वस्तू वाचवायला वीज किती जाळणार?" उत्तर देता आलं नाही.

तिसरं, पाकीट. कागदी पिशवीत खाकरा चार दिवसांत सादळतो.

कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद 1

आधी वाफ द्या, मग पिळा. बोंडू अर्धे करून दहा मिनिटं मोदकपात्रात ठेवले की तुरटपणा बराच उतरतो आणि वरचं यीस्टही मरतं, त्यामुळे रात्रीतून आंबणं लांबतं. धुण्याचं पाणी वाचेल. आणि कुठल्या कलमाचे बोंडू आहेत ते लिहून ठेवा. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 एकत्र केले तर दर घाणीला चव वेगळी येईल आणि ती का बदलली ते कळणार नाही.

प्रतिसाद 2

सरांचा प्रश्न रास्त आहे, पण घाबरू नकोस, हिशेब मांड. 1 किलो पाण्याची वाफ करायला निदान 0.63 युनिट लागतं. ट्रे ड्रायर प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट खातो. 10 किलो बोंडूमागे तुझा ओला चोथा समजा साडेतीन किलो आणि पूड एक किलो, म्हणजे अडीच किलो पाणी उडवायचंय. किलोभर पुडीला तीन ते पाच युनिट. खरी बचत ड्रायरच्या आधी आहे. हाताने पिळू नका, स्क्रू प्रेसने (मळसूत्राने दाबून रस काढणाऱ्या यंत्राने) पिळा. पिळून गेलेल्या पाण्याला वीज लागत नाही. मग अर्धा सेंटीमीटरचा थर, दिवसा जाळीखाली ऊन, आणि ऊन उतरायच्या आत ड्रायरमध्ये 60 अंशांना शेवट. ड्रायरला वेगळा मीटर लावून रोजचा आकडा लिही. परीक्षकांना तो मोजलेला आकडा दाखव.

प्रतिसाद 3

पाकिटावर 'फायबरयुक्त' छापण्याआधी तपासणी करून घ्या. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार 'फायबरचा स्रोत' म्हणायला 100 ग्रॅमला निदान 3 ग्रॅम आणि 'भरपूर फायबर' म्हणायला 6 ग्रॅम लागतं. क जीवनसत्त्वाचं नाव काढू नका. ताज्या बोंडूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं, पण वाळवून, भाजून फारसं उरत नाही.

पाकिटाला एकाच जातीचं प्लास्टिक घ्या. चकचकीत बहुथरी पाकिटात खाकरा टिकतो, पण पुनर्वापराला ते जवळपास निरुपयोगी. पूड मात्र स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा, वाटीभराच्या पुड्या करून. पावसाळ्यात एकच मोठा डबा सारखा उघडलात तर सगळी पूड ओल धरेल.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. काल लगेच अर्धी पाटी वाफवून पिळली, अर्धी तशीच. दोन्हींचे 15 टक्क्यांचे खाकरे आजीला न सांगता दिले. वाफवलेल्याचा दुसरा तुकडा तिने मागून घेतला, दुसऱ्यावर पाणी प्यायली. एका आजीवर चालणार नाही, उद्या वर्गात वीस जणांना नंबर घालून देतोय. कलमांचे बोंडू खरंच मिसळले होते, आता पाट्या वेगळ्या केल्यात.

मीटरचं सरांना सांगितलं, ते जोडून देतायत. आता अडलंय ते फक्त स्क्रू प्रेससाठी. कुडाळ-सावंतवाडी भागात कोणाकडे दोन दिवस मिळेल का? बोंडू आम्ही घेऊन येऊ आणि पिळलेला रस तुम्हाला ठेवू. 10 मेपर्यंत जमलं तर बरं होईल.