मुंबई–लंडन: आठ तास का पुरत नाहीत
मुंबई–लंडन अंतर ७,२०० किमी आणि विमानाचा वेग ताशी ९०० किमी, मग तिकिटावर आठ तासांहून जास्त वेळ का, असा प्रश्न आहे. ७,२०० ला ९०० ने भागून आठ तास काढलेत, भागाकार बरोबर आहे. पण ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. जाताना जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, समोरून लागतो. सरासरी ताशी १०० किमीचा वारा नाकावर घेतला की ८०० उरतात, म्हणजे सरळ नऊ तास. येताना तोच वारा पाठीशी.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, त्यामुळे रांगेत उभं राहण्याची मिनिटंही त्यातच धरलेली असतात. आणि कृपया पोहोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ नुसती वजा करू नका, छापलेल्या वेळा त्या त्या गावच्या असतात: लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.